औषधबाईंचा ट्रे

मित्रांनो, औषधाच्या दुकानात काउंटरमागे काय चालतं ते सहसा कुणी बघत नाही, त्यामुळे माझी-तुमची ओळख नसणार. मी गोळ्या मोजायचा एक जुना ट्रे आहे. मोठ्या वहीएवढा, ॲल्युमिनियमचा, डाव्या कडेला एक पन्हाळ आणि उजव्या कोपऱ्याला एक पोचा. बाटलीतल्या गोळ्या माझ्यावर ओततात, पट्टीने पाच-पाच करून पन्हाळीत सरकवतात आणि उरलेल्या परत बाटलीत टाकतात. संपलं माझं काम. यात काय एवढं मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. मी ज्यांचा, त्या औषधबाईंच्या कामाबद्दलही लोकांना वर्षानुवर्षं असंच वाटत आलं.

माझा जन्म डब्यांच्या कारखान्यात झाला. माझ्या बरोबरीचे पत्रे जेवणाचे डबे झाले आणि घरोघरी गेले. त्यांच्या नशिबी पोळीभाजी आली, माझ्या नशिबी कडू गोळ्या. मी एका मोठ्या दवाखान्याच्या औषधखिडकीवर रुजू झालो. ती खिडकी इतकी लहान होती की तिच्यातून एका वेळी औषध तरी बाहेर जाई किंवा आवाज तरी. बाहेर दोनशे माणसांची रांग असे. तेव्हा औषधच जाऊ द्यावं, आवाज राहू द्यावा, अशी तिथली पद्धत पडली होती.

खिडकीच्या आत औषधबाई बसत. त्यांना खरं नाव होतं, पदवी होती, फार्मसी परिषदेचा नोंदणी क्रमांकही होता. पण सगळा दवाखाना त्यांना औषधबाईच म्हणे. तरणीताठी असल्यापासून त्या 'बाई' होत्या. चौदा वर्षं त्यांनी माझ्यावर गोळ्या मोजल्या. बाटली उचलताना नाव वाचायचं, ओतताना वाचायचं आणि परत ठेवतानाही वाचायचं. एक औषध झालं की मला ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्याने, आणि मगच दुसरी बाटली उघडायची. एका गोळीची पूड दुसऱ्या गोळीला लागली तर ज्याला ती सोसत नाही अशा माणसाच्या जिवावर बेतू शकतं. मला दिवसातून साठ-सत्तर वेळा पुसत. इतकी स्वच्छता तर त्या डब्यांच्याही वाट्याला आली नसेल.

आता मोठ्या डॉक्टरांविषयी सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे. डॉक्टर खरोखरच मोठे होते. त्यांच्या हाताला गुण होता, पण अक्षराला नव्हता. त्यातही दशांशचिन्हाशी त्यांचं वाकडं. हृदयाच्या एका गोळीचा डोस पाव मिलिग्रॅम असतो. डॉक्टर घाईत असले की टिंब एक घर सरके आणि चिठ्ठीत अडीच उमटे. म्हणजे एका वेळी एका गोळीच्या जागी दहा.

बाई चिठ्ठी बघत, किंचित थांबत आणि एका वेळेची एकच गोळी धरून मोजत. पुडीवर नीट अक्षरात 'पाव' लिहीत. कुणाला काही सांगत नसत. मोठ्या डॉक्टरांना फोन करून 'तुमची चूक झाली' म्हणायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालून त्याचे दात मोजायचे. चूक दुरुस्त होत होती, कुणाचा अपमान होत नव्हता आणि पेशंट चालत घरी जात होते. मलाही ही व्यवस्था फार सुंदर वाटे.

डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांचा सत्कार झाला. भाषणात ते म्हणाले, "तीस वर्षांत माझ्या चिठ्ठीत चूक निघाली, असा एक फोन मला आला नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. औषधबाईंनीही टाळ्या वाजवल्या, आणि अगदी मनापासून वाजवल्या. ही गोष्ट ऐकून मला त्यांचा अभिमान वाटला होता.

पुढे बाईंच्या यजमानांना परदेशात पूल बांधायच्या कामावर बोलावणं आलं. सगळ्यांनी जायचं ठरलं. यजमान, बाई आणि सासूबाई. निरोप समारंभात घड्याळ देतात, पण बाईंनी मला मागितलं. आता सरकारी वस्तू अशी कशी द्यायची? तेव्हा स्टोअरकीपरने नियमाप्रमाणे मला बाद केलं. नोंदवहीत लिहिलं, 'पोचा पडल्याने मोजणीस अयोग्य.' मित्रांनो, त्याच दिवशी सकाळी मी सहाशे गोळ्या मोजल्या होत्या. पण कागदावर एकदा अयोग्य ठरलं की कामाला कोण विचारतो? हा धडा मी बाईंच्या आधी शिकलो.

नव्या देशात बाईंची पदवी चालत नव्हती. म्हणजे ती खोटी आहे असं कुणी म्हणत नव्हतं. ती खरी आहे हे मान्यता मंडळापुढे सिद्ध व्हायचं होतं, एवढंच. त्यासाठी आधी कागद, मग भाषेची परीक्षा, मग लेखी, मग प्रात्यक्षिक आणि शेवटी एका फार्मासिस्टच्या हाताखाली एक वर्ष. प्रात्यक्षिकाला दोनच संधी होत्या. दोन्ही हुकल्या की पदवीच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात. बाई तेव्हा एकेचाळीस वर्षांच्या होत्या.

मंडळाने पदवीच्या अभ्यासक्रमाची प्रत मागितली, विषयवार आणि तासवार. बाईंनी कॉलेजात फोन लावला. तिथले कारकून सज्जन होते.

"बाई, तुम्ही पास झाला होतात ना?"

"हो, पहिल्या वर्गात."

"मग आता अभ्यासक्रम कशाला पाहिजे?"

तरी त्या भल्या माणसाने माळ्यावरचे गठ्ठे उपसून अभ्यासक्रम शोधला, शिक्के मारले, पाकीट सीलबंद केलं आणि मंडळाला पाठवायला बाईंच्या धाकट्या भावाकडे दिलं. भाऊही सज्जन. ताईचं काम आहे, काही राहून गेलं असलं तर पंचाईत नको, म्हणून त्याने पाकीट फोडलं, एकेक पान तपासलं, सगळं बरोबर आहे याची खात्री केली आणि चिकटपट्टी लावून पाठवून दिलं. मंडळाने ते परत केलं. सील फुटलेलं पाकीट चालत नाही.

"अगं पण आत सगळं बरोबर होतं," भाऊ फोनवर म्हणाला. "मी स्वतः बघितलं."

"म्हणूनच परत आलं रे," बाई म्हणाल्या.

सात महिने गेले. पण बाई भावावर चिडल्या नाहीत. न विचारता दुसऱ्याची चूक निस्तरायची सवय त्या घराण्यातच असावी, असं मला आता वाटतं.

तोवर बाईंनी एका औषधाच्या दुकानात काउंटरवर काम धरलं. मदतनीस म्हणून. शांपू, रुमाल, टूथब्रश विकायचे, पण औषधाला हात लावायचा नाही. कुणी विचारलं की ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, तर म्हणायचं, "थांबा हं, फार्मासिस्टना विचारते." उत्तर माहीत असायचं. ते जिभेच्या टोकावरून गिळून टाकायचं आणि आत जाऊन विचारून यायचं. चौदा वर्षं औषधखिडकी चालवलेल्या बाईने हे दिवसातून चाळीस वेळा केलं, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. लोखंडाचे चणे म्हणतात ते हेच. मी घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर असे. घरी आल्यावर बाई राजमा नाहीतर वाटाणे माझ्यावर ओतून पाच-पाचने मोजत. हात मोडू नये म्हणून. सासूबाई म्हणत, "मोजून काय करतेस, शिजवायचेच आहेत ना?" पण मोजून होईपर्यंत कुकर लावत नसत.

भाषेची परीक्षा झाली, लेखीही झाली. दोन्ही पहिल्या झटक्यात. मग प्रात्यक्षिक आलं. त्यात दहा खोल्या असतात. प्रत्येक खोलीत नट बसवलेले, कुणी पेशंट, कुणी नातेवाईक. मी तिथे नव्हतो. बाहेरून वस्तू नेता येत नाहीत. जे घडलं ते बाईंनी घरी येऊन माझ्यासमोर सांगितलं, तेच सांगतो.

सातव्या खोलीत एक म्हातारा पेशंट बसला होता आणि टेबलावर त्याची चिठ्ठी होती. हृदयाची गोळी, डोस अडीच. शेजारी एक फोन. बाईंनी चिठ्ठी बघितली, किंचित थांबल्या, पाव मिलिग्रॅमच्या हिशेबाने गोळ्या मोजल्या, पुडीवर सुंदर अक्षरात डोस लिहिला आणि हसून म्हाताऱ्याच्या हातात दिल्या. त्यांना वाटलं, ही खोली तर आपल्या माहेरची.

त्या खोलीतच त्या नापास झाल्या. निकालपत्रात लिहिलं होतं, 'डॉक्टरांना न विचारता डोस बदलला. असुरक्षित.'

बाईंनी दोन दिवस ते निकालपत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना म्हणाल्या, "औषध बरोबर होतं, आई. डोस बरोबर होता. मोजणी बरोबर होती. आणि मी असुरक्षित?"

मला तर मंडळाचा भयंकर राग आला. चौदा वर्षांची पुण्याई त्यांनी एका शब्दात पुसली.

पण दुकानाच्या मालकीणबाईंना राग आला नाही. त्या स्वतः पन्नास वर्षं फार्मासिस्ट होत्या. बोलायच्या कमी, आणि चष्म्यावरून बघायच्या जास्त. बाईंनी त्यांना सगळी कहाणी सांगितली, अगदी सत्काराच्या भाषणासकट. ती ऐकून मालकीणबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"आणि तू रजेवर असायचीस त्या दिवशी?"

घरी येऊन बाईंनी हे वाक्य सासूबाईंना सांगितलं, आणि ओट्यावर पडल्या पडल्या माझ्या अंगावर काटा आला. कारण त्या दिवसांचा साक्षीदार मी होतो. बाईंच्या भावाचं लग्न होतं तेव्हा त्या चार दिवस रजेवर होत्या. खिडकीवर दुसरा माणूस बसला होता. हुशार, आज्ञाधारक. चिठ्ठीत अडीच होतं, त्याने अडीच दिलं. माझ्यावर दहा-दहा गोळ्यांच्या पुड्या मोजल्या गेल्या. पाच आणि पाच, पाच आणि पाच. वॉर्डातल्या नर्सला एका वेळेच्या पुडीत मूठभर गोळ्या बघून शंका आली, ती धावत खाली आली, म्हणून एक म्हातारा वाचला. खिडकीवरच्या माणसाने नुसती चिठ्ठी पाळली होती. टिंब सरकतं हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. बाई रजेवरून आल्या तेव्हा प्रकरण मिटलेलं होतं, त्यांच्या कानावर काही गेलं नाही. मला सांगता आलं नाही. मी ट्रे आहे. पण बाईंना तर बोलता येत होतं.

बाई खूप वेळ मला पुसत उभ्या होत्या. माझ्यावर त्या वेळी काहीही नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "आई, मला फोन करायला शिकलं पाहिजे."

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. चाळीस वर्षं शाळा चालवलेली. डॉक्टरांची भूमिका त्यांनी न मागता स्वीकारली. आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसल्या आणि हातात मोबाईल घेतला. बाईंनी ओट्यापाशी उभं राहून फोन लावला.

"हॅलो, डॉक्टरसाहेब आहेत का? मी औषधाच्या दुकानातून बोलतेय. जरा एक विचारायचं होतं, तुम्ही बिझी नसाल तर…"

"बिझी आहे," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

पुन्हा लावला. "सॉरी हं डॉक्टर, तसं काही विशेष नाही, पण चिठ्ठीत ते एक थोडंसं…"

"पेशंट मेला का?"

"नाही."

"मग मेल्यावर सांग." फोन बंद.

यजमान पेपर वाचत होते. ते म्हणाले, "आई, डॉक्टर असं बोलत नाहीत गं."

"तू किती डॉक्टरांशी बोललायस? मी तुझ्या वडिलांच्या तीन ऑपरेशनना बोललेय." मग त्या बाहेर आल्या आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या. "हे बघ, तू माफी कशाची मागतेस? पालकांना फोन करायचा तर 'तुमच्या मुलाने काच फोडली' असं सांगायचं. 'काचेबद्दल जरा बोलायचं होतं' म्हटलं की ते काचेचा इतिहास ऐकवतात. आपण कोण, काय झालं, काय पाहिजे. तीन वाक्यं. आणि चौथं वाक्य त्यांचं, त्यात तोंड घालायचं नाही."

पाच महिने हा तमाशा रोज संध्याकाळी चालला. सासूबाई चिडक्या डॉक्टर झाल्या, घाईतल्या झाल्या, खवचट झाल्या, एकदा तर रडणाऱ्या डॉक्टर झाल्या. शेजारच्या आजींनी काळजीने विचारलं की तुमच्या घरात सारखं कोण आजारी असतं? पण बाईंचा आवाज बदलत गेला. 'जरा' गेला, 'थोडंसं' गेलं, 'सॉरी हं' गेलं. मऊपणा मात्र राहिला. मुख्य म्हणजे हात. आधी फोन धरलेला हात थरथरायचा, पट्टी धरलेला हात कधीच नाही. तेव्हा बाईंनी युक्ती काढली. उजव्या हाताने फोन धरायचा, डाव्या हाताने माझ्यावर वाटाणे सरकवायचे. पाच. पाच. पाच. हळूहळू दोन्ही हात सारखेच शांत झाले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मोजलं, पण इतकं उपयोगी काही मोजल्याचं आठवत नाही.

दुसरी संधी आली. शेवटची. बाई सकाळी निघाल्या तेव्हा यजमान म्हणाले, "काळजी करू नकोस." सासूबाई म्हणाल्या, "काळजी कर, पण फोन कर."

दुपारी बाई परत आल्या, चप्पल न काढता खुर्चीवर बसल्या.

"आला होता का तो टिंबाचा घोळ?" सासूबाईंनी विचारलं.

"आला. या वेळी फिट्सच्या औषधात होता, लहान मुलाच्या. पुन्हा दहापट. मुलाची आई समोर बसलेली. मी तिला म्हटलं, दोन मिनिटं बसा, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मी हे देणार नाही. आणि फोन लावला."

"मग?"

"मी म्हटलं, मी फार्मासिस्ट बोलतेय. तुमच्या चिठ्ठीत या मुलाचा डोस त्याच्या वजनाच्या मानाने दहापट आहे. मला तो बदलून हवा आहे. तर तो म्हणाला, मी वीस वर्षं हेच औषध लिहितोय."

"मग तू?"

"मी म्हटलं, हो डॉक्टर, पण आज दहापट लिहिलंय. आणि गप्प बसले. चौथं वाक्य त्याचं होतं ना. तो कितीतरी वेळ बोलेना. मी टेबलावर बोटाने पाच-पाच करत राहिले. मग म्हणाला, बदला. मी डोस त्याला परत वाचून दाखवला, कागदावर लिहिला, वेळ घातली." बाई पाणी प्यायल्या. "आई, तुमच्यापेक्षा फार मवाळ होता."

"त्याची प्रॅक्टिस कमी पडली," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला आत गेल्या.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. त्यात एकच शब्द होता, उत्तीर्ण. सासूबाईंनी कागद उलटून पाहिला. "मार्क किती?"

"मार्क देत नाहीत, आई. नुसतं पास."

"असला कसला निकाल? लोकांना सांगायचं काय?" पण तो कागद त्यांनी फ्रिजवर लावला, आणि चहाला येणाऱ्या प्रत्येकाला दूध काढायच्या निमित्ताने दाखवला.

मालकीणबाईंच्या हाताखाली वर्ष पुरं झालं. नोंदणी झाली, तेव्हा बाई मला पिशवीत घालून दुकानात घेऊन गेल्या. मालकीणबाईंनी मला चष्म्यावरून पाहिलं. कडांवरून बोट फिरवलं, पन्हाळ तपासली, गरम पाण्याने धुतलं, पुसलं, शंभर गोळ्या ओतून मोजून बघितल्या. "पोच्याने काही बिघडत नाही," म्हणाल्या. "चालेल." माझ्या मान्यतेला चार मिनिटं लागली. बाईंच्या मान्यतेला चार वर्षं. मला जरा ओशाळल्यासारखंच झालं.

पहिल्या आठवड्यात खरी चिठ्ठी आली. खऱ्या डॉक्टरची, खऱ्या पेशंटची, आणि टिंब सरकलेलं. माझ्यावर गोळ्या ओतलेल्या होत्या. बाईंनी पट्टी खाली ठेवली आणि फोन उचलला. तीन वाक्यं बोलल्या. पलीकडून आवाज आला, "बरं झालं विचारलंत. माझ्याकडून आज अजून दोघांना हेच लिहिलं गेलंय. त्यांनाही थांबवतो."

बाईंनी फोन ठेवला. अजून दोघं. त्यांनी पट्टी उचलली आणि नव्या डोसप्रमाणे गोळ्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या दवाखान्याच्या औषधखिडकीवर फोन लावला. तिथे आता एक मुलगी बसते.

"बाई, तुम्ही? तुमची पद्धत अजून चालू आहे हं. नवे मोठे डॉक्टरही तसंच लिहितात. आम्ही गुपचूप बरोबर करून देतो. तुमचंच नाव घेतो."

बाईंनी डोळे मिटले. "माझं नाव घ्यायचं बंद कर. फोन करत जा."

"अहो, ते चिडतात."

"चिडू दे. माझ्या सासूबाईंचा नंबर देते, त्या सवय करून देतील."

मित्रांनो, आता मी दुकानाच्या काउंटरमागे असतो. वय झालं आहे, चकाकी गेली आहे, आणि शेजारी मोजणी करणारं एक विजेचं यंत्र आलं आहे. ते माझ्याशी बोलत नाही. पण प्रत्येक औषधानंतर बाई मला अजूनही पुसतात. मंडळाने बाईंची चौदा वर्षं पुसली, असं मी रागाने म्हणालो होतो. ते चुकलंच माझं. पुसलं गेलं ते आधीच्या औषधाची पूड तेवढी. पोचा राहिला, पन्हाळ राहिली, पाच-पाचची मोजणी राहिली. पुसलेला ट्रे जुनाच असतो, फक्त पुढच्या माणसासाठी सुरक्षित असतो.

तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तू पोचा आला म्हणून बाद करू नका, आधी चार मिनिटं तपासून बघा. दुसऱ्या देशातून कुणी आपलं शिक्षण घेऊन तुमच्या दारात आलं, तर त्यालाही तपासा. पण चार वर्षं लावू नका. आणि कुणाची चूक दिसली, तर गुपचूप बरोबर करून टाळ्या वाजवू नका. फोन करा. तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी खिडकीवर दुसरंच कुणीतरी बसलेलं असेल, आणि माझ्यासारखा एखादा ट्रे सगळं बघत असेल. त्याला तोंड नसतं.